हे तर मसावि आहे!

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजनं फतवा काढला, प्रत्येकानं एनपीटीईएलचा एक तरी कोर्स करायचाच. कुठला करायचा हे कुणी सांगितलं नाही. रूम पार्टनरनं जो घेतला तोच मी घेतला. पायथनमधून प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम. आठ आठवडे. शिकवणारे चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद.

सुरुवातच 'जीसीडी'नं होती. ग्रेटेस्ट कॉमन डिव्हायजर. तिन्ही शब्द सुटे सुटे मला येत होते, एकत्र आले की डोक्यात काहीच उभं राहत नव्हतं. मी मराठी माध्यमातून आलेलो. सर शांतपणे, सावकाश सांगत होते आणि मी निमूट लिहून घेत होतो, नंतर कधीतरी कळेल या भरवशावर. युक्लिड आला, तरी कळेना. शेवटी वहीच्या मागच्या पानावर १२ आणि १८ घेऊन हातानं करून पाहिलं. उत्तर आलं ६. आणि हॉस्टेलच्या खोलीत मी अक्षरशः ओरडलो, "अरे, हे तर मसावि आहे!"

रूम पार्टनर सीबीएसईवाला. त्यानं मान वर करून विचारलं, "मसावि क्या होता है?" त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अच्छा, एचसीएफ!" म्हणजे 'जीसीडी' त्यालाही कळलं नव्हतंच. तो फक्त ओरडला नव्हता.

हा किस्सा मी पुढं बरीच वर्षं विनोद म्हणून सांगत आलो. आता सांगताना तितकं हसू येत नाही, कारण मधल्या काळात मी स्वतः एक कोर्स बनवला आणि तो सपशेल आपटला. त्याच्याकडे येईनच. आधी दुसऱ्यांच्या कोर्सांबद्दल बोलू, ते जास्त सोपं असतं.

पुस्तक आलं की परीक्षण येतं. वेबसीरिज आली तर दुसऱ्या दिवशी दहा परीक्षणं येतात. पण ज्या ऑनलाइन कोर्सांवर आपल्या पिढीनं आयुष्यातले शेकडो तास घातले, त्यांचं परीक्षण म्हणजे पाच तारे आणि खाली 'अमेझिंग कंटेंट सर'. खरं तर कोर्स हीसुद्धा एक रचनाच आहे. आधी काय सांगायचं, काय गाळायचं, कुठं थांबायचं, उदाहरण कुठल्या घरातलं घ्यायचं, हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. लेखकाच्या मनात जसा एक वाचक असतो तसा कोर्स करणाऱ्याच्या मनात एक विद्यार्थी असतो. त्याच्याकडे काय काय आहे असं धरून चाललेलं असतं? लॅपटॉप? स्वतःची खोली? इंग्रजी? न कळलं तर विचारायची सवय? मी कुठलाही कोर्स उघडला की आधी हा विद्यार्थी शोधतो. तो सापडला की कोर्सचं बरंचसं कळतं.

या धंद्यातला सगळ्यात लाडका शब्द म्हणजे 'एंगेजमेंट'. आपल्याकडे हा शब्द साखरपुड्यासाठी राखीव आहे, आणि साखरपुडा झाला की लग्न बहुतेक होतंच. इथं उलटं आहे. जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेस-व्हालिएंते या दोघांनी २०१९मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्सवरच्या कोर्सांचा हिशोब मांडला. २०१७-१८ या वर्षात नाव नोंदवणाऱ्यांपैकी कोर्स पूर्ण करणारे होते ३ टक्क्यांच्या आसपास. पैसे भरून नोंदणी केलेल्यांत ४६ टक्के. आणि मोठा भाग आधीच सुस्थितीतल्या देशांमधल्या लोकांचा. जगभरच्या गरीब पोरांना हार्वर्ड घरपोच मिळणार, ही २०१२ सालची घोषणा होती. हा तिचा सहा वर्षांनंतरचा ताळेबंद.

मग सगळे कामाला लागले की पोरांना धरून कसं ठेवायचं. त्यात एक आकडा सापडला आणि तो जपमाळेसारखा फिरू लागला : ६ मिनिटं. हा आकडा हवेतला नाही. फिलिप ग्वो, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी २०१४मध्ये एडएक्सच्या चार कोर्सांमधली ६९ लाख वेळा झालेली व्हिडिओ-पाहणी तपासली. व्हिडिओ कितीही लांब असो, बघणारा साधारण सहा मिनिटांपलीकडे टिकत नाही, असं त्यांना दिसलं. स्लाइडांपेक्षा हातानं लिहीत जाणारा मास्तर जास्त बघितला जातो, आणि वर्गातलं लेक्चर नंतर तुकडे करून टाकलं तरी ते फारसं चालत नाही, हेही दिसलं. काम चांगलं आहे, नेटकं आहे. पण त्यांनी मोजलं ते दोनच गोष्टींनी : माणूस किती वेळ बघत राहिला, आणि पुढचा प्रश्न त्यानं सोडवायला घेतला की नाही. शिकला का, हे त्यांनी मोजलेलं नाही आणि तसा दावाही केलेला नाही. दावा नंतरच्यांनी केला. मीही त्यातलाच.

शिवाय ते चार कोर्स होते एमआयटी, हार्वर्ड आणि बर्कलीचे, २०१२ सालचे. त्या वर्षी हौसेनं हार्वर्डचा कोर्स उघडणारा माणूस आणि कॉलेजनं दंडाची भीती घातली म्हणून एनपीटीईएल उघडणारा धुळ्याचा पोरगा, या दोघांची सहा मिनिटं सारखी कशी असतील?

*

एनपीटीईएल हा आपला, सरकारी पैशाचा, प्रचंड मोठा प्रकल्प. सात आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी यांनी मिळून २००३मध्ये सुरू केलेला. सुरुवातीची लेक्चरं बघा. फळा, खडू, तासभर चालणारं बोलणं, मध्येच पंख्याचा आवाज. या कोर्सांच्या मनातला विद्यार्थी ओळखायला वेळ लागत नाही : तो आयआयटीच्या वर्गात बसलेलाच आहे, आपण त्याच्या खांद्यावरून बघायचं. सर आपल्याशी बोलत नाहीत. आपण ऐकतोय याला त्यांची हरकत नाही, एवढंच.

हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. ज्या कॉलेजात त्या विषयाला धड शिक्षक नाही तिथं या खांद्यावरून बघण्याचं मोल फार मोठं आहे. आमच्याकडे थर्मोडायनॅमिक्सला सहा महिन्यांत तीन शिक्षक बदलले. शेवटी मेकॅनिकलची पोरं एनपीटीईएलवरच पास झाली.

२०१४पासून सर्टिफिकेटवाले कोर्स आले आणि ढंग बदलला. लेक्चरं लहान झाली, दर आठवड्याला असाइनमेंट आली. नाव नोंदवायला पैसे नाहीत, परीक्षेला आहेत. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. गुण असे : असाइनमेंटला २५ टक्के, परीक्षेला ७५. आता यात एंगेजमेंट कुठून येते? डेडलाइनमधून. माझ्या मते एनपीटीईएलनं शोधलेली सगळ्यात परिणामकारक रचना हीच, बुधवारची रात्र. रात्री साडेअकराला हॉस्टेलच्या व्हरांड्यात जी एंगेजमेंट दिसते ती कुठल्याही ॲनिमेशननं आणता येणार नाही.

फक्त ती एंगेजमेंट धड्याशी नसते. ती टेलिग्रामच्या ग्रुपशी असते. 'वीक ३ असाइनमेंट आन्सर्स' असं शोधून बघा, यूट्यूबवर रांगच लागते. असाइनमेंट बहुतेक ठिकाणी पर्यायी प्रश्नांची असते, चार पर्याय आणि एक गोळा. तो गोळा कुणी रंगवला हे संगणकाला कळत नाही. यूजीसीनं २०१६मध्ये स्वयमवरच्या कोर्सांतून २० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घ्यायची मुभा दिली, २०२१मध्ये ती ४० टक्के केली. क्रेडिट आलं की कॉलेजं कोर्स सक्तीचा करतात, सक्ती आली की टेलिग्राम येतो. पोरं आळशी आहेत म्हणून हे होतं असं म्हणणारे प्राध्यापक मला भेटलेत. मी त्यांना एवढंच विचारतो की सर, तुम्ही स्वतः त्यातला एक कोर्स शेवटपर्यंत कधी बघितलाय?

माधवन मुकुंदांचा कोर्स यात वरच्या दर्जाचा आहे, हे आज परत बघूनही म्हणेन. त्यात नुसते गोळे नाहीत, प्रोग्रॅम लिहून द्यावा लागतो आणि तो यंत्र तपासतं. तिथं टेलिग्रामही थोडा थकतो. सर एखादी कल्पना आधी भाबड्या रीतीनं मांडतात, मग ती का महाग पडते ते दाखवतात, मग सुधारतात. जीसीडीचंच बघा : आधी सगळे विभाजक काढा, मग दोन याद्यांतले सामाईक बघा, मग त्यातला मोठा. मग कळतं की यादी कशाला हवी? मग युक्लिड. विचार कसा चालतो ते उघडं करून दाखवणं हे मोठं शिकवणं आहे. माझ्याकडून फक्त एक पायरी सुटली होती, पहिली. आणि ती सुटली आहे हे त्या कोर्सला कळायची काही सोयच नव्हती.

स्वयमच्या आराखड्यात सोय आहे म्हणा. २०१७मध्ये स्वयम आलं तेव्हा चार अंगं सांगितली : व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःची चाचणी आणि चर्चेचा मंच. चौथ्या अंगावर शंका विचारायची. पण ज्या पोरानं बारावीपर्यंत वर्गात एकदाही हात वर केला नाही, तो सगळ्या देशापुढे इंग्रजीत लिहील का की मला 'जीसीडी' म्हणजे काय ते कळलं नाही? मी नाही लिहिलं. वहीच्या मागच्या पानावर गेलो.

आता मराठीसकट कितीतरी भाषांत उपशीर्षकं आणि लेखी भाषांतरं होताहेत. चांगलंच आहे. पण नुसतं भाषांतर 'महत्तम साधारण विभाजक' असं देईल, आणि मला खात्री आहे की ते वाचूनही मी ओरडलो नसतो. 'मसावि' हा शब्द शाळेत सगळ्यांना येतो, तो कशाचं लघुरूप आहे ते परीक्षेपुरतं. मला हवे होते १२ आणि १८.

*

याच्या बरोबर उलट टोकाला सीएस५०. हार्वर्डचा डेव्हिड मॅलन २००७पासून हा कोर्स चालवतो. ज्यांना शो आवडतो त्यांना हा आवडतोच. लेक्चर थिएटरात, दिवे, रंगमंचावर प्रॉप. त्यातला प्रसिद्ध प्रयोग असा : हातात जाडजूड फोन डिरेक्टरी, त्यात एक नाव शोधायचं. मधोमध उघडली, नाव डावीकडे की उजवीकडे ते बघितलं, नको असलेला अर्धा भाग टराटरा फाडून फेकून दिला. उरलेल्या अर्ध्यात परत तेच. बायनरी सर्च संपला.

मी असली डिरेक्टरी आजोबांच्या शेजाऱ्यांकडे एकदाच बघितली होती, लाकडी स्टुलावर फोनच्या खाली. आजच्या एकोणीस वर्षांच्या पोरानं तर नाहीच. तरी तो प्रयोग कळतो, कारण त्यात डिरेक्टरी महत्त्वाची नाही, फाडणं महत्त्वाचं आहे. आईला मी तो तुकडा आवाज बंद करून दाखवला. ती म्हणाली, "अर्धं टाकतोय ना दर वेळी?" आईचं शिक्षण दहावी. वर्गात निरनिराळ्या घरांतली पोरं बसलेली असतात तेव्हा शब्दांआधी काहीतरी घडलं पाहिजे, हे मॅलनला पक्कं कळलंय.

आणि गंमत बघा, सीएस५०चं लेक्चर दोन-दोन तासांचं असतं. सहा मिनिटांच्या नियमाला त्यांनी चक्क वाकुल्या दाखवल्यात. लोक तरी बघतात.

पण माझ्या लेखी सीएस५०ची खरी करामत रंगमंचावर नाहीच, ती गृहपाठात आहे. बऱ्याच आठवड्यांत एकाच कल्पनेवरचे दोन प्रश्न असतात, एक ज्यांना अजून बिचकायला होतं त्यांच्यासाठी, एक ज्यांना हात बसलाय त्यांच्यासाठी. कुठला घ्यायचा ते तुम्ही ठरवायचं. 'हुशार' आणि 'ढ' अशी फोड नाही. तुम्हाला आत्ता किती अवघडल्यासारखं होतंय, एवढंच विचारलंय. आणि कोर्स वारंवार सांगत राहतो की शेजारच्याच्या मानानं तू कुठं आहेस ते सोड, तू जिथून निघालास तिथून किती आलास ते बघ. हे वाक्य आमच्या कॉलेजात कुणी एकदा जरी म्हटलं असतं!

तरी त्याच्या मनातल्या विद्यार्थ्याकडे वेळ भरपूर आहे. पहिल्या आठवड्यात स्क्रॅचचे रंगीत ठोकळे आणि पुढच्याच आठवड्यात सी भाषा. ही उडी हार्वर्डच्या वसतिगृहात मारायची असेल तर खाली जाळी आहे : मदतनीस, मदतीचे तास, सोबत बसणारी पोरं. माझ्यासारखा नोकरी करून रात्री अकराला बसणारा त्या जाळीबाहेरच पडतो. दोनदा पडलो, तिसऱ्यांदा जमलं.

जाळी नसली तर काय होतं याची एक जुनी गोष्ट आहे. २०१३मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठानं युडॅसिटीबरोबर गणित आणि संख्याशास्त्राचे प्राथमिक कोर्स ऑनलाइन चालवले. व्हिडिओ चकचकीत, मध्ये मध्ये प्रश्न, सगळं शास्त्रशुद्ध. निकाल वर्गातल्या पोरांपेक्षा बराच खाली लागला आणि जुलैमध्ये प्रयोग थांबवावा लागला. त्यात शाळकरी पोरंही होती, आणि काहींकडे घरी संगणकाचीच धड सोय नव्हती. उन्हाळ्यातल्या फेरीत निकाल सुधारले, पण तेव्हा बसलेल्यांत आधीच पदवी असलेले बरेच होते. कोर्स तोच, समोरचा माणूस बदलला.

*

आता ज्या कोर्सबद्दल लिहायला मी हा सगळा फेरफटका मारला तो. दिसायला तो सगळ्यात रटाळ आहे. पवईच्या आयआयटीतला स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प, केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांनी उभा केलेला. दहाएक मिनिटांचे तुकडे. शिकवणाऱ्याचा चेहरा नाही, संगीत नाही, विनोद तर नाहीच नाही. नुसती संगणकाची स्क्रीन आणि एक सपाट आवाज. आधी आज काय शिकणार ते, मग कुठली प्रणाली वापरली ते, मग आधी काय यायला हवं ते, मग काम, मग उजळणी, मग गृहपाठ, आणि शेवटी आवाज देणारी व्यक्ती आपलं नाव सांगून रजा घेते. एक बघितला की पुढचे शंभर कसे असणार ते कळतं. कॉलेजात आम्ही त्याला झोपेचं औषध म्हणायचो. ते चुकलंच आमचं.

कारण त्यामागची रचना नीट बघा. पहिली गोष्ट, तो बघायचा नसतोच. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, उरलेल्या अर्ध्या स्क्रीनवर तेच सॉफ्टवेअर. त्यानं एक पायरी केली की व्हिडिओ थांबवायचा, आपण करायची, मग पुढं. म्हणजे सहा मिनिटं टिकला की दहा हा प्रश्नच निकालात निघतो. थांबवणं हाच अभ्यास.

दुसरी गोष्ट, भाषा. पडद्यावरचं सॉफ्टवेअर इंग्रजीतच, आवाज मराठीत. 'फाइल मेनूवर क्लिक करा' असं. आधी मला हे अर्धवट वाटायचं. आता वाटतं की हेच शहाणपणाचं आहे, कारण नोकरीच्या जागी मेनू इंग्रजीच भेटणार आहे, त्याची ओळख तर व्हायला हवी. पण कसं चालतं ते मात्र आपल्या भाषेत कळू दे. अशी बावीस भारतीय भाषांत आवाजाची सोय आहे. इंटरनेट नसेल तिथं सीडीवरूनही चालावं अशी आखणी सुरुवातीपासून होती.

तिसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. स्क्रिप्ट लिहून झाली की रेकॉर्डिंगच्या आधी ती एका नवशिक्याला देतात. विषय येत नसलेल्या माणसाला. त्यानं एकट्यानं, कुणाला न विचारता, कागदावर लिहिलंय तेवढंच करून बघायचं. तो अडला की स्क्रिप्ट दुरुस्त करायची, मगच आवाज.

हे वाचलं तेव्हा मी ऑफिसात होतो. आमच्याकडे एक बटण हलवायचं असलं तरी टेस्टर लागतो, वापरून बघणारे लोक लागतात. मी शिकवायला निघालो होतो आणि माझ्याकडे टेस्टर नव्हता.

उणीवा आहेतच. आवाज कधी प्रश्न विचारत नाही. 'का' याचं उत्तर क्वचित मिळतं, 'कसं' याचं नेहमी. अल्गोरिदमचा विचार त्यातून शिकता येईल असं मला वाटत नाही, तिथं मुकुंद सरच हवेत. आणि त्या अर्ध्या-अर्ध्या स्क्रीनच्या मागेही एक गृहीत आहे : स्क्रीन दुभागता येण्याएवढी मोठी आहे.

*

माझा कोर्स. दीड वर्षापूर्वी खानदेशातल्या माझ्या जुन्या कॉलेजातल्या ज्युनिअर पोरांसाठी मी पायथनची ओळख करून देणारे ११ धडे बनवले. मराठीत. प्रत्येक धडा सहा मिनिटांच्या आत. मीम होते, ॲनिमेशन होतं, दर रविवारी गुणांची यादी, पहिल्या दहा जणांची नावं वर. साठेक जणांनी नावं दिली. शेवटच्या धड्यापर्यंत आले चौघं.

मी महिनाभर धुसफुसत होतो. मित्रांना सांगत होतो की फुकट दिलं की किंमत नसते. मग दिवाळीला घरी गेलो तेव्हा कॉलेजात जाऊन बसलो. काही पोरं भेटली. बोलायला वेळ लागला, कारण सगळे आधी "छान होता कोर्स, दादा" एवढंच म्हणत होते.

मग एकानं मोबाइल काढून दाखवला. माझा धडा चालू होता आणि माझा कोड त्यावर मुंगीएवढा दिसत होता. मी तो सत्तावीस इंची मॉनिटरवर रेकॉर्ड केला होता. दुसरा एक जण सगळे प्रोग्रॅम मोबाइलवरच्या पायड्रॉइडमध्ये लिहीत होता. पायथनमध्ये ओळ किती आत सरकवली यावर अर्थ ठरतो. चार-चार स्पेस अंगठ्यानं मोजून देत त्यानं सात धडे केले होते, आणि माझ्या यादीत तो कधीच पहिल्या दहात नव्हता. पहिल्या दहात कायम तेच, ज्यांच्याकडे लॅपटॉप होता. दुसऱ्या आठवड्यात बाकीच्यांनी यादी बघितली आणि काय समजायचं ते समजले.

कॉलेजची लॅब फक्त प्रॅक्टिकलच्या तासाला उघडी. मुलींच्या हॉस्टेलात एका खोलीत चौघींत एक लॅपटॉप. बरेच जण धडे बघायचे येता-जाता एसटीत. एक मुलगी म्हणाली, "दादा, आम्ही बघितलं सगळं. केलं नाही." माझ्या डॅशबोर्डवर ती हिरव्या रंगात होती. शंभर टक्के एंगेजमेंट.

आणि मराठी? मी त्यावर फार भाव खाऊन होतो. घरी अहिराणी बोलणारा एक पोरगा म्हणाला की तुमचं मराठी फास्ट आहे. पुण्यात पाच वर्षं राहून माझी बोली बदललीय हे मला त्यानं सांगितलं. मीम त्यातल्या निम्म्यांना कळले नव्हते. ते आमच्या ऑफिसातले होते.

तर आता परत करतोय. गुणांची यादी काढून टाकली. अक्षरं मोठी केली, मोबाइल उभा धरला तरी वाचता येतील इतकी, त्यासाठी कोडच्या ओळी आखूड लिहायला शिकलो. प्रत्येक धड्यात एक प्रश्न कागदावर सोडवायचा, कारण कागद एसटीतही असतो. बायनरी सर्चला हजेरीपट घेतलाय, डिरेक्टरी नाही. आणि रेकॉर्डिंगच्या आधी स्क्रिप्ट त्या 'केलं नाही' म्हणणाऱ्या मुलीकडे जाते. तिला पायथन येत नाही, हीच तिची पात्रता. मी फोनवर असतो, पण मधे बोलायचं नाही असं ठरलंय. गप्प बसणं मला अजून नीट जमत नाही.

तीन धडे पार पडले. चौथा फंक्शनचा. त्यात तिसऱ्या मिनिटाला ती थांबली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, रिटर्न म्हणजे परत करणं ना?"

"हो."

"मग फंक्शननं आधी उसनं काय घेतलं होतं?"

मी सात वर्षं रोज तो शब्द टाइप करतोय. त्या रात्री उत्तर देता आलं नाही. गेल्या रविवारी तीन नवी उदाहरणं लिहून तिला पाठवली : पिठाची गिरणी, एसटीचा कंडक्टर, झेरॉक्सचं दुकान. गिरणीपुढं बरोबरची खूण आहे. बाकी दोन तिनं खोडून परत पाठवलीत.